साडेचार एकरांची थंडी

‘पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर केला ना?’ ऑफिसात सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. केला हो! पण ट्रिपमधला आमचा लाडका दिवस वेगळाच. पॅरिसहून टीजीव्हीने दीडेक तासात दिजाँ आणि तिथून थोडं दक्षिणेला वोन-रोमाने नावाचं चिमुकलं गाव.

गावामागच्या रस्त्यालगत बुटकी दगडी भिंत, एक दगडी क्रॉस आणि द्राक्षवेलींच्या रांगा. बस्स, एवढंच! ही रोमाने-कोंती. अवघी १.८ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबात साडेचार एकर. १७६० मध्ये प्रिन्स द कोंतीने ही बाग विकत घेतली, त्याचंच नाव तिला चिकटलं. वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार बाटल्या निघतात. १९४५ सालची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलर्सना गेली! बागेत पाय ठेवू नका, अशी विनंती करणारी पाटी आहे. आम्ही भिंतीला हात लावून समाधान मानलं.

एवढं आहे काय इथे? थंडी, बॉस! पिनो न्वार हे पातळ सालीचं, नाजूक द्राक्ष. फार तापलं तर घाईने पिकतं आणि सुगंध हरवतो. इथल्या पूर्वेकडे उतरणाऱ्या, चुनखडीच्या गार जमिनीत ते सावकाश पिकतं. म्हणून वाइन रंगाने फिकी, पण चेरीचा, ओल्या मातीचा वास रेंगाळत राहतो.

पण हीच थंडी आता निसटतेय. जवळच्या बोन गावातल्या द्राक्षतोडणीच्या १३५४ पासूनच्या तारखा अभ्यासकांनी जुळवल्या आहेत. १९८८ नंतर तोडणी सरासरी १३ दिवस आधी व्हायला लागली. गंमत म्हणजे ऊब वाढली म्हणून दव गोठायचं थांबत नाही. उलट कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या गारठ्यात सापडतात. एप्रिल २०२१ मध्ये बर्गंडीतल्या शेतकऱ्यांनी कोंब वाचवायला रात्रभर बागांमध्ये मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवल्या होत्या.

संध्याकाळी आम्ही गावच्या नावाची साधी वाइन मागवली, एक ग्लास दोघांत. बिल पाहून दचकलो खरे, पण संपवायची घाई दोघांनीही केली नाही.

जाणार असाल तर सप्टेंबर गाठा. दिजाँपासून बागांमधून जाणारा रस्ता सायकलसाठी मस्त आहे. पाटी मात्र पाळा!