अरण्यातील रात्रीची पूर्वतयारी

अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर सहलीचा बेत ठरतो आणि ज्येष्ठांना सांगितले जाते, “तंबूतला मुक्काम तुम्हाला झेपणार नाही.” आपण हा निर्णय घाईने स्वीकारू नये. टेनेसी व नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी माउंटन्स हे १९३४ साली स्थापन झालेले वनाच्छादित राष्ट्रीय उद्यान ज्येष्ठांनाही पाहता येते. मात्र दिवसाआधी रात्रीचे नियोजन करावे.

एल्कमाँटच्या तळावर शौचालये आहेत. स्नानगृहे किंवा तंबूपाशी वीज नाही. आरक्षण सहा महिने आधी खुले होते. तेव्हाच शौचालयालगतची जागा निवडावी. घडीची खाट आणि विजेरी सोबत न्यावी. येथे काळी अस्वले आहेत. म्हणून अन्नाबरोबरच टूथपेस्ट, सांधेदुखीचे मलम अशा वासाच्या वस्तूही रात्री बंद गाडीत ठेवाव्यात. इन्सुलिन मात्र दिवसा तापलेल्या गाडीत राहू देऊ नये. मोबाइलचा संपर्क बहुतेक ठिकाणी मिळत नाही. औषधांची यादी कागदावर लिहून जवळ बाळगावी.

फिरण्यासाठी शुगरलँड्स व्हॅलीची अर्ध्या मैलाची, चाकाच्या खुर्चीलाही सोयीची पायवाट आहे. २,०२५ मीटर उंच कुवोही शिखराची वाटही तेवढीच. परंतु चढ तीव्र व हवा थंड. हृदयविकार असल्यास खालच्या वाहनतळावरूनच पर्वतरांगा पाहाव्यात.

रात्र झेपणार नसेल, तर मुक्काम जवळच्या गॅटलिनबर्गमध्ये करावा आणि दिवस अरण्यात घालवावा. मुक्काम बदलला तरी ज्येष्ठांची सोबत सुटू नये.