किल्ली कोणाच्या कनवटीला?

किंमत मोजली म्हणजे वस्तु आपली झाली, असें व्यवहार सांगतो. पण घरांतल्या बायकांना विचारा. त्यांचा न्याय निराळा आहे. दुकानांतून आणलेली साडी घडी मोडल्यावर आपली होते, आणि विरल्यावर तिची गोधडी शिवली म्हणजे पुरती आपली होते. सायकलची बैठक आपल्या उंचीप्रमाणें बसवून घेतली, मागें कॅरिअर लावलें, म्हणजे ती आपली वाटूं लागते. मला स्वतःला तर समासांत चार टिपा लिहिल्यावांचून पुस्तक माझें वाटतच नाहीं. वस्तूवर आपला हात फिरावा लागतो, तेव्हां कोठें तिच्याशीं नातें जडतें.

या न्यायानें पाहतां पांच वर्षें वापरूनहि माझा फोन माझा झालेला नाहीं. त्याचा पडदा स्वच्छ आहे, बॅटरी टिकते, आवाज खणखणीत आहे. परंतु कंपनीनें त्याला नव्या सुधारणा पाठविणें थांबविलें, आणि तेव्हांपासून एकेक ॲप त्याच्याशीं बोलेनासें झालें. जुन्या फोनांसाठीं हौशी लोकांनीं ‘लिनेज ओएस’सारखी प्रणाली तयार करून फुकट वांटली आहे. ती चढवून घ्यावी म्हणून मी सीताबर्डीवरील एका कारागिराकडे गेलों. त्यानें फोन हातांत घेऊन उलटसुलट पाहिला आणि शांतपणें म्हटलें, “सर, फोन तुमचा आहे, पण किल्ली कंपनीजवळ आहे.”

त्याचें म्हणणें शब्दशः खरें होतें. फोन सुरू होतांना सर्वांआधीं जागा होतो तो बूटलोडर नांवाचा लहानसा प्रोग्राम. देवडीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणें तो कंपनीची मुद्रा पाहतो, आणि ती असेल तरच प्रणालीला आंत सोडतो. कांहीं कंपन्या मागितल्यास हा पहारा उठवितात. कांहीं मुळींच उठवीत नाहींत. आणि उठविलाच, तर बँकांचीं कित्येक ॲप्स त्या फोनकडे पाठ फिरवितात. गंमत अशी कीं, अँड्रॉइडच्या मुळाशीं असलेलें लिनक्स १९९१ सालीं फिनलंडमधील एका विद्यार्थ्यानें जगापुढें ठेवलें, आणि तें कोणींहि वाचावें, बदलावें व वांटावें, असें त्याच्या परवान्यांतच लिहिलेलें आहे. जें मुळांत मोकळें, त्यालाच कुलूप!

कंपन्यांचें म्हणणें अगदींच पोकळ आहे, असें मात्र मी म्हणणार नाहीं. आज आपला सारा पैसा-अडका फोनांत असतो. चोराला सहज उघडतां येईल असा फोन कोणाला हवा? कुलूप असावेंच. वाद कुलुपाचा नाहीं, किल्ली कोणाच्या कनवटीला असावी याचा आहे. दाराला कुलूप बसवून देणाऱ्या कारागिरानें किल्ली आपल्याच खिशांत घातली, तर त्याला आपण घराचा रक्षक म्हणत नाहीं.

सरकारचें या प्रश्नाकडे लक्ष गेलें आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजीं त्यासाठीं पोर्टलहि सुरू झालें. त्यांत शेतीच्या अवजारांबरोबर मोबाइलचाहि समावेश आहे. पण दुरुस्ती म्हणजे वस्तु होती तशी करणें. बदल म्हणजे ती आपल्याला हवी तशी करणें. अमेरिकेंत २०१० सालीं फोनचें कुलूप मोडून आपल्या पसंतीचीं ॲप्स चालविण्याची मुभा मालकाला मिळाली. परंतु कुलूप उघडून देण्याचें बंधन कंपनीवर आलें नाहीं.

पैशाच्या नुकसानीपेक्षां मला दुसऱ्याच गोष्टीची हळहळ वाटते. आमच्या पिढीनें ट्रान्झिस्टर उघडून पाहिले, घड्याळें खोलून पाहिलीं. माझ्या वर्गांतल्या मुलांच्या हातांत त्याहून शतपटीनें अद्भुत यंत्र आहे, आणि त्यासंबंधीं त्यांना मिळणारा पहिला धडा हा, कीं आंत डोकावूं नये.

माझी मागणी फार मोठी नाहीं. कंपनीनें फोनची देखभाल जोंवर चालविली आहे, तोंवर किल्ली तिनें खुशाल सांभाळावी. ज्या दिवशीं देखभाल सोडली, त्या दिवशीं ती मालकाच्या स्वाधीन करावी. चाकरी बंद आणि पहारा मात्र चालू, हा कोठला व्यवहार?