नावांच्या जागा

दिवाळी सरली, हलके धान घरात आले की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडया भरतात. रात्री नाटक असते. दिवसा खडी गंमत. शाहीर डफ घेऊन उभा, मागे ढोलकी, टाळ आणि झीलकरी, पुढे लुगडे नेसलेला नाच्या. आबाजींच्या खांद्यावर बसून ऐकलेले त्यातले एक गाणे आजवर माझ्यासोबत आहे. बायकोसाठी बांगड्या आणायला निघालेला नवरा मंडईत सगळे पैसे जिलेबीवर उडवून रिकाम्या हाताने घरी येतो, एवढीच गोष्ट. ध्रुपद इतके सोपे, की तिसऱ्या खेपेला सारे गाव म्हणू लागे. कडव्यांत मात्र शाहीर त्या-त्या गावचे सामान भरी. तिथला तलाव, तिथला हलवाई, बांधीच्या धुऱ्यावरून झालेले भांडण. ज्याचे नाव येई, तो सर्वांत मोठ्याने हसे. ‘शायर आपल्याच गावचा झाला,’ आबाजी म्हणत. दोन शाहिरांची दुय्यम रंगली, की समोरचा शाहीर बायकोची बाजू घेऊन उभा राही, आणि मग बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत.

भंडाऱ्याला कॉलेजात गेलो, तेव्हा सायकलवर मी तेच ध्रुपद म्हणत असे. माझ्या लग्नात मित्रांनी त्यात माझे नाव घातले.

नागपुरात नोकरीला असताना इंग्रज गायक-नट जॉर्ज फॉर्म्बीचा १९३६ चा ‘कीप युवर सीट्स, प्लीज’ हा विनोदी चित्रपट पाहिला. त्यातल्या एका गाण्यात खिडक्या पुसणारा माणूस आत काय-काय दिसते ते सांगतो. चावट म्हणून बीबीसीने ते गाणे रेडिओवर वाजू दिले नव्हते. फॉर्म्बीचे वडील म्युझिक हॉलमधले नामांकित गायक. तिथेही ध्रुपद लोकांनीच उचलायचे असे. मला तो लँकेशायरचा माणूस साकोलीकडचाच वाटला. जॉर्जने पुढे त्या गाण्याच्याच चालीवर नवी कडवीही ध्वनिमुद्रित केली, याचा मला फार आनंद झाला. हसवणाऱ्या गाण्याला नवे कडवे लागतेच.

आता मंडईतल्या गमतीही मोबाइलवर मिळतात. शाहिरांना त्यामुळे दूरचे श्रोते लाभले, हे चांगलेच झाले. पण पवनीकडच्या गावासाठी रचलेले कडवे लाखांदुरातला ऐकणारा नुसते ऐकतो. त्याच्या हलवायाचे नाव त्यात नसते. म्हणून मी वहीत जुनी गाणी उतरवतो तेव्हा ध्रुपद पुरते लिहितो, कडव्यांतल्या नावांच्या जागा कोऱ्या ठेवतो. पुतण्या गावच्या खडी गमतीत झील धरतो. वही त्याला देणार आहे.