लॅमिंग्टन रोडवर चाळीस हजारांचा कॉम्प्युटर

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरलात की पूर्वेकडून बाहेर पडा. थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर मात्र तुम्हाला 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असं वाचायला मिळेल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं नाव पाटीवरून गेलं, पण टॅक्सीवाल्यांच्या तोंडून काही गेलं नाही.

एके काळी हा रस्ता सिनेमांचा होता. 'शोले' पाच वर्षं चालला ते मिनर्व्हा थिएटर इथलंच. आता ते नाही. आता इथे वायरी, सीसीटीव्ही कॅमेरे, स्पीकर आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत, काही तर एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल एवढीच. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. शनिवारी गर्दी असते. आम्ही मंगळवारी अकरा वाजता पोहोचलो तेव्हा दुकानदार नुकते उदबत्ती लावत होते.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. ही गोष्ट जून २०२४ ची. त्याला बीएस्सी आयटीला प्रवेश मिळाला होता आणि तोवरचं सगळं कोडिंग तो मोबाइलच्या स्क्रीनवर शिकला होता. आईची भिशी लागली होती, चाळीस हजारांची. "यात बसवा, यापुढे एक रुपया नाही," असं सांगून तिने पाकीट माझ्या हातात दिलं. त्याच्या नाही, माझ्या. डोंबिवलीहून दादर, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड, एवढ्या प्रवासात मी ते पाकीट किमान दहा वेळा चाचपून पाहिलं असेल.

लॅपटॉप का नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडेही त्यावर आठवडाभर चर्चा झाली. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, आणि पुढे एखादा भाग बिघडला किंवा कमी पडला तर तेवढाच बदलता येतो. रोज सोबत न्यायचा असेल तर मात्र लॅपटॉपला पर्याय नाही. भावाच्या कॉलेजात लॅब होती, त्यामुळे प्रश्न सुटला.

पहिलं कोटेशन

पहिल्याच मोठ्या दुकानात काचेचा कॅबिनेट मांडला होता. आत चार पंखे, रंग बदलणारे दिवे. भाऊ तिथेच थांबला. खरं सांगायचं तर मीही थांबले. दुकानदाराने दोन मिनिटांत कागदावर आकडे मांडले: इंटेल आय३-१२१००एफ प्रोसेसर, एक वापरलेलं ग्राफिक कार्ड, आठ जीबी रॅम, दिव्यांचा कॅबिनेट आणि "पाचशे वॅटचा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फ्री". मॉनिटरसकट ३८,५०० रुपये, बिलाशिवाय. हे सगळं तो भावाकडे बघून सांगत होता. पैसे माझ्या पर्समध्ये आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. (या रस्त्यावर बाईमाणूस म्हणजे सोबत आलेलं माणूस, हे मला दिवसभरात सहा दुकानांत कळलं.)

त्या 'फ्री' शब्दाने मी भानावर आले. कारण आमच्या घरी आधीही एक कॉम्प्युटर होता. २०१२ साली बाबांनी ओळखीच्या माणसाकडून जोडून घेतलेला. त्यातला एसएमपीएसही असाच कुठल्याशा नावाचा, फुकटात आलेला. एका पावसाळ्यात वीज दोन-तीनदा गेली-आली, आणि पाठीमागून 'फट्' असा आवाज झाला. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्कही गेली. त्या डिस्कमध्ये आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एसएमपीएस म्हणजे घरातल्या विजेचं कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारा डबा. प्रत्येक भागाला वीज पोहोचते ती याच्यातून. तो कॅबिनेटच्या तळाशी दडलेला असतो, त्यामुळे पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कात्री त्याच्यावर चालते. मी दुकानदाराला तो खोका हातात द्यायला सांगितला. अगदी हलका होता, आणि त्यावर ८० प्लसची खूण नव्हती. आम्ही बाहेर पडलो. भाऊ पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलला नाही.

वडापाव खाताना मी त्याला एकच विचारलं, की चार वर्षं या मशीनवर तू काय करणार आहेस? कोडिंग, प्रोजेक्ट, थोडं फोटो एडिटिंग, आणि हो, गेम. मग त्यानेच वहीत नवी यादी लिहायला घेतली.

न दिसणाऱ्या गोष्टी

एएमडी रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये सहा कोअर आहेत आणि ग्राफिक्स आतच आहेत, वेगळं कार्ड लागत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' असतो, त्यात ही सोय नसते. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही. स्वस्तातलं जुनं कार्ड गळ्यात मारायला हा 'एफ' कामी येतो. ५६००जी मात्र ग्राफिक्ससाठी रॅमच वापरतो, म्हणून सोळा जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्या. फरक डोळ्यांना दिसतो. आणि एसएसडी घेताना 'जेन फोर आहे, जास्त फास्ट आहे' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. हा प्रोसेसर जेन थ्रीच्या वेगापलीकडे जातच नाही.

मदरबोर्डच्या बाबतीत आम्ही थोडक्यात वाचलो. बी४५० चिपसेटचा जुना साठा असेल तर त्याचा बायोस अपडेट केल्याशिवाय हा प्रोसेसर ओळखला जात नाही. ज्या छोट्या दुकानात शेवटी खरेदी झाली, तिथल्या काकांनी न विचारता हे सांगितलं आणि समोर अपडेट करून दिला. ते माझ्याकडे बघून बोलत होते, हेही नमूद करायला हवं.

आमचं बिल असं झालं: प्रोसेसर ११,८००, मदरबोर्ड ६,४००, रॅम ३,५००, पाचशे जीबीची एसएसडी ३,२००, नावाजलेल्या कंपनीचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस ३,३००, साधा काळा कॅबिनेट २,३००, मॉनिटर ७,४००, कीबोर्ड-माउस ८५०, जोडणीचे ५००. एकूण ३९,२५०. १८ टक्के जीएसटी यातच धरलेला आहे. बिल नको म्हटलं तर भाव उतरतो, पण मग वॉरंटी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर खोक्यातलाच मागा, सुट्टा नको.

हे भाव आज मिळतील असं समजू नका. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅम बरीच महागली आहे, एसएसडीही. निघायच्या आदल्या रात्री दोन-तीन ऑनलाइन दुकानांचे भाव वहीत लिहून न्या. त्या वहीकडे बघूनच निम्मे दुकानदार खरा आकडा सांगतात.

विंडोजचे पैसे या हिशोबात नाहीत. "टाकून देतो ना मॅडम" म्हणणारे भेटतील, पण ती चोरीची प्रत असते. आम्ही उबुंटू घातलं, फुकट आणि अधिकृत. त्यामुळे काही गेम चालत नाहीत. त्यावरून घरात अजून कुरबुर असते.

मशीन दुकानातच चालू करून बघा, घाई करू नका. आम्ही तासभर बसलो. तीनच्या सुमाराला ग्रँट रोडहून निघालो. संध्याकाळी मॉनिटरचं खोकं घेऊन मध्य रेल्वेच्या गाडीत शिरण्याचं धाडस करू नका. दादरला भावाने कॅबिनेट छातीशी धरून जिना उतरला, कोणाला हातही लावू दिला नाही.

घरी आईने कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं आणि उरलेले साडेसहाशे मोजून घेतले. "शंभर कुठे गेले?" "वडापाव आणि चहा," मी म्हटलं. बिल तिने एलआयसीच्या कागदांच्या पिशवीत ठेवलं. ग्राफिक कार्डाची जागा मदरबोर्डवर अजून रिकामी आहे. त्यासाठी भाऊ शिकवणीच्या पैशांतून साठवतोय, आणि साठले की पुन्हा मंगळवारी जायचं ठरलंय.