मोजणीपुरती अ‍ॅप्स

विंडोज फोन का बुडाला, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘अ‍ॅप्स नव्हती’. ते मला कधीच पटलं नाही. 2013 संपता संपता मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये दोन लाखांच्या आसपास अ‍ॅप्स होती. नव्हती ती धड अ‍ॅप्स. त्या काळात मी पुण्यात बसून याच फोनसाठी सी-शार्पमध्ये कोड लिहायचो. रिकाम्या दुकानातून गिऱ्हाईक नुसतंच परत जातं, शिळा माल गळ्यात मारणाऱ्या दुकानाची पायरी मात्र पुन्हा चढत नाही, हे तिथे जवळून बघितलं.

फोन झकास होता, हे आधी सांगायला हवं. लुमिया 520 म्हणजे दहा-साडेदहा हजारांचा फोन, रॅम जेमतेम 512 एमबी, पण होम स्क्रीन कुठे अडखळायची नाही. त्याच किमतीच्या अँड्रॉइड फोनना तेव्हा फोनबुक उघडतानाही धाप लागायची. नकाशे आधीच उतरवून ठेवता यायचे, त्यामुळे ताम्हिणी घाटात रेंज गेली तरी रस्ता दिसायचा. घरचं काम चोख होतं. रडगाणं सुरू व्हायचं ते बाहेरच्यांनी केलेलं अ‍ॅप उघडलं की.

‘रिझ्युमिंग…’ ज्यांनी हा फोन वापरला, त्यांना हा शब्द अजून टोचत असेल. पडद्यावर तेवढा एक शब्द आणि सरपटत जाणारे ठिपके. यात दोष फोनचा, असं लोकांना वाटायचं. भानगड थोडी वेगळी होती. बॅटरी आणि मेमरी वाचवायची म्हणून आपण बाहेर पडलो की सिस्टिम अ‍ॅप गोठवून ठेवायची आणि जागा कमी पडली की मेमरीतून काढूनच टाकायची. परत आल्यावर माणूस कुठल्या पानावर होता, यादी कुठवर सरकवली होती, फॉर्ममध्ये काय भरलं होतं, हे सगळं जपून ठेवायची जबाबदारी डेव्हलपरची. हा कोड डेमोत दिसत नाही, क्लायंट त्यासाठी पाठ थोपटत नाही, म्हणून भल्याभल्यांनी तो लिहिलाच नाही. एका बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे पाठवताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं आणि परतावं, तर पुन्हा लॉगिनपासून श्रीगणेशा. तोवर ओटीपीची मुदत संपलेली!

दुसरा नमुना बॅक बटणाचा. या फोनला खाली बॅक बटण होतं. आयफोनला नव्हतं, म्हणून तिथल्या अ‍ॅपमध्ये वर डाव्या कोपऱ्यात बाण असायचा. आयफोनचं डिझाइन उचलून इथे डकवणाऱ्यांनी बाणही सोबत आणला. मग बाण दाबला तर एक पान मागे आणि बटण दाबलं तर अख्खं अ‍ॅप बंद. कित्येक अ‍ॅप्स तर वेबसाइटला चौकट मारून तयार केलेली. त्यांबद्दल काय बोलायचं!

हे असं का झालं? एक म्हणजे आकड्याचा सोस. मार्च 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या डेव्हलपरांसाठी दर अ‍ॅपमागे 100 डॉलर देण्याची योजना काढली. शंभर डॉलरमध्ये जसं अ‍ॅप मिळेल, तसंच मिळालं. ऑगस्ट 2014 मध्ये त्याच कंपनीला लोकांची दिशाभूल करणारी पंधराशेहून जास्त अ‍ॅप्स स्टोअरमधून हाकलावी लागली.

बड्या कंपन्यांनी तर उपकार केल्यासारखं काम केलं. इन्स्टाग्राम नोव्हेंबर 2013 मध्ये आलं, तेही ‘बीटा’ म्हणून आणि व्हिडिओ काढायची सोय नसताना. दोन वर्षं उलटली तरी नावातला ‘बीटा’ काही हलला नाही. त्याच्या आधीच रुडी ह्यून या फ्रेंच डेव्हलपरने एकट्याने इन्स्टाग्रामसाठी ‘6टॅग’ केलं होतं आणि ते मूळ अ‍ॅपपेक्षा सरस होतं. स्नॅपचॅटने या फोनसाठी कधीच अ‍ॅप काढलं नाही. ह्यूनचं ‘6स्नॅप’ मात्र 2014 च्या अखेरीस काढून टाकायला लावलं. यूट्यूबचं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिलं, तर गूगलने ते 2013 मध्ये बंद पाडलं. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही, असा सगळा मामला.

आमच्यासारख्या छोट्यांचं कंबरडं मोडलं ते वेगळ्याच कारणाने. विंडोज फोन 7 चे हँडसेट 8 वर गेलेच नाहीत, 8.1 ला अ‍ॅप लिहायची चौकट (फ्रेमवर्क) बदलली, 10 ला पुन्हा बदलली. वरवरचं अ‍ॅप करणाऱ्याला याची झळ नाही, तो एव्हाना पुढच्या कामाला लागलेला असतो. ज्याने मन लावून अ‍ॅप केलं, तोच दर खेपेला नव्याने लिहीत बसला. त्यातून आयफोन आणि अँड्रॉइडचं बजेट संपल्यावर क्लायंट म्हणायचे, ‘उरलेल्यात विंडोजचंही उरकून टाका.’ आम्ही उरकायचो.

ऑक्टोबर 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जो बेल्फिओरी यांनी जाहीरपणे सांगितलं की आम्ही पैसे दिले, इतरांसाठी अ‍ॅप्स स्वतः लिहून दिली, पण वापरणारेच कमी होते, त्यामुळे कंपन्या गुंतवणूक करायला तयार होईनात. खोटं नाही. पण पैसे मिळायचे ते अ‍ॅप स्टोअरवर चढवण्याचे. चढवलेल्या अ‍ॅपमधला बग पुढच्या वर्षी काढायला कोणी छदाम दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.