या वेळी आत मावशी होती

शेतातली नोंद आज एवढीच: हरभऱ्याचे घाटे भरतायत, एक पाणी राहिलंय, थ्री फेज लाईट रात्रीची आहे, दादा बघतोय. मी आठ दिवस तिकडं फिरकलो नाही. मुलगी झाली. २ किलो ९०० ग्रॅम.

चार वर्षांपूर्वी पहिल्या वेळी हिला आत घेतलं, दार लावलं. सात तास ती एकटी, मी बाहेर बाकड्यावर. नंतर एवढंच म्हणाली, "मी मेले असते तरी तुम्हाला सकाळीच कळलं असतं." गाय व्यायला आली की मी रात्रभर गोठ्यात बसतो. पाणमोट, पुढचे दोन खूर, त्यावर टेकलेलं नाक, सगळं कळतं. बायकोच्या बाबतीत ठार अडाणी.

म्हणून या वेळी सातव्या महिन्यापासून जेवणं झाली की वाचायला बसायचो. मी मोठ्यानं वाचायचो, ती ऐकायची. कळा कशा मोजायच्या, सुरुवातीला झोपून न राहता चालायचं, श्वास लांब सोडायचा. उकिडवं बसल्यानं बाळाला खाली यायला जागा होते म्हटल्यावर हसायलाच लागली. "जन्म खुरपण्यात गेला, मला बसायला शिकवताय?"

त्यातच डूला हा शब्द भेटला. मूळ ग्रीक, अर्थ दासी. डॉक्टर नाही, सुईण नाही. शेवटपर्यंत जवळ थांबणारी, कंबर चोळणारी, पाणी पाजणारी बाई. १७ देशांतल्या २६ अभ्यासांत दिसलं की अशी सोबत असली तर सिझर कमी होतात, कळांचा वेळही थोडा कमी होतो. आमच्याकडं कुठली डूला! पण सरकारी दवाखान्यात नात्यातली एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच मुभा दिलीय. शक्यतो तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं. मागच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

आई म्हणाली, मी जाते. पण आई घाबरली की आरडाओरडा करते. ही तिच्यासमोर गप्प राहिली, रात्री मला म्हणाली, "तुमच्या मावशींना विचारा ना." आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मावशीची तीन बाळंतपणं झालेली, बोलणं कमी. तिलाही वाचून दाखवलं, तर म्हणाली, "कळ आली की गप कंबर दाबायची, ह्याला पुस्तक कशाला रं?"

सिस्टरनी तिला आत घेतलं. मी पुन्हा बाकड्यावरच. पण मावशी मधूनमधून दार उघडून मान हलवायची. पहाटे चारला रडणं ऐकू आलं.

सकाळी ही म्हणाली, "मावशींच्या हातावर माझी नखं उमटलीत, बघा जरा." खोबरेल लावून दिलं. आई डिंकाचे लाडू घेऊन आली. माझ्याशी अजून नीट बोलत नाही.