एकोणपन्नास दिवसांची टिकटिक

आपल्या पिढीला काळ्या स्क्रीनची ॲलर्जी आहे. म्हणजे सिनेमातल्या हॅकरची ती खिडकी, पांढरी अक्षरं सरसर वर सरकणारी, बघायला एकदम सही वाटते. पण उद्या ऑफिसात आपल्यासमोर उघडली, तर आपण आधी आयटीवाल्याला फोन लावतो. ना आयकॉन, ना बटण. टाइप करा, एंटर मारा आणि वाट बघा!

माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, दिवसाचे दहा तास असल्याच खिडकीत राहतो. भोसरीत चार जणांचं वर्कशॉप आहे, तिथे तो फर्मवेअर लिहितो. हे काम घरच्यांना समजावून सांगायचा नाद त्याने केव्हाच सोडलाय. ‘पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर त्याच्या लग्नाची बोलणीसुद्धा पार पडली.

मला मात्र त्या खिडकीत इंटरेस्ट आहे आणि त्याचं कारण आहे झटका मशीन.

मी मूळची सावलीची. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मूलहून गडचिरोलीला जाताना लागतं. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘वॉव, ताडोबा?’ नाही हो. आमचा भाग ब्रह्मपुरी वनविभागात येतो. तिथे जंगल आणि धानाच्या बांध्या एकमेकांत घुसलेल्या आहेत, आणि वाघ बघायला जिप्सी बुक करावी लागत नाही. तो आपणहून येतो. धान लोंबीवर आलं की रानडुकरांचे कळप उतरतात, एका रात्रीत अख्खी बांधी लोळवतात. डुकरांच्या मागे वाघ. आणि या दोघांच्या मध्ये हातात टॉर्च आणि टिनाचा डबा घेऊन मचाणीवर बसलेले माझे बाबा. याला जागल म्हणतात. लहानपणी ऑक्टोबर महिना म्हणजे मला सहामाही परीक्षा आठवत नाही, रात्री आई दाराशी बसून राहायची ते आठवतं.

काही जण कुंपणाच्या तारेत सरळ घरच्या लाइनचा करंट सोडतात. त्याने डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि पहाटे शेतात गेलेला शेजारीही मरतो. गुन्हा आहे तो, तरी होतो. झटका मशीन हा त्यावरचा शहाणा उपाय. एक सोलर पॅनल, एक बॅटरी आणि एक डबा. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानही मिळतं. तारेत व्होल्ट हजारांत असतात, पण निमिषभरच. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की झटका १० मिलिसेकंदांपेक्षा लांब नको, त्याची ऊर्जा ५ जूलपेक्षा जास्त नको आणि दोन झटक्यांमध्ये किमान एक सेकंदाचं अंतर हवं. हे अंतर कशासाठी? चुकून तार पकडलेल्या माणसाला हात सोडायला वेळ मिळावा म्हणून. म्हणजे तारेजवळ जीव वाचतो तो त्या रिकाम्या सेकंदामुळे.

आणि दादाच्या मशीनमध्ये तो सेकंद मोजते एक चिप, करंगळीच्या नखापेक्षा छोटी. मेमरी ३२ केबी. तुमच्या मोबाइलमधला एक फॉरवर्डेड गुड मॉर्निंग फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही! त्यात जो प्रोग्रॅम कायमचा भरला जातो, ते फर्मवेअर. हार्डवेअर पण नाही आणि पुसून टाकण्याइतकं सॉफ्ट पण नाही.

एका शनिवारी मी दादाच्या वर्कशॉपवर गेले. पाऊस, वडापाव आणि ती काळी खिडकी. त्याने ‘मेक’ असे चार अक्षरी इंग्रजी शब्द टाइप केला आणि अक्षरं धावायला लागली.

हे मेक प्रकरण भारी आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन नावाच्या माणसाने ते लिहिलं. झालं असं की त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून त्याच्याकडे आला. सकाळभर तो एका प्रोग्रॅममधली चूक शोधत होता आणि प्रोग्रॅम बरोबरच होता! दुरुस्ती झाली होती, पण चालत होती जुनी, न बदललेली कॉपी. (‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल लास्ट’ नावाची प्रेझेंटेशन्स बॉसला पाठवणाऱ्यांना हे दुःख कळेल.) मग फेल्डमनने हे टूल बनवलं. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचं; काय बदललं, काय पुन्हा बनवायचं ते मेक ठरवतं. त्याच्या फाइलमध्ये काही ओळींच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. फेल्डमनला ते नंतर खटकलं, पण तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, त्यांची गैरसोय नको म्हणून तसंच ठेवलं. त्या डझनभरांसाठी आज जगभरचे इंजिनिअर शिव्या घालतात. २००३ मध्ये फेल्डमनला या कामासाठी एसीएमचा पुरस्कार मिळाला, ते वेगळं.

तर मेकने सी भाषेतला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत आणला आणि एक हेक्स फाइल तयार केली. प्रत्येक ओळ कोलनने सुरू, आणि शेवटी बेरीज जुळते का ते तपासायला दोन आकडे, किराणा दुकानाच्या वहीसारखे. मग एव्हीआरडूड नावाचं टूल ती फाइल चिपमध्ये भरतं, आणि भरलेलं परत वाचून फाइलशी ताडून बघतं. सगळं जुळलं की शेवटी चक्क ‘थँक यू’ म्हणतं. आमच्या एका संपादकाने कधी म्हटलेलं नाही.

पण जुळलं म्हणजे फक्त पोस्टमनने पत्र नीट पोचवलं. पत्रातला मजकूर बरोबर आहे का? त्यासाठी दादाच्या टेस्ट होत्या. बॅटरी उतरली तर? तार तुटली तर? चिप अडकून बसली तर? (तर वॉचडॉग नावाचा पहारेकरी ८ सेकंदांत तिला रीस्टार्ट करतो.) सगळ्या टेस्ट पास. सगळीकडे हिरव्या ओळी.

‘रोज सकाळी मशीन बंद केल्यावर घड्याळ शून्यापासून सुरू होतं, तेही तपासतो,’ दादा म्हणाला.

मी म्हटलं, ‘सकाळी बंद करतात?’

‘मग? डुकरं रात्री येतात ना.’

दादा लहानपणापासून नागपूर आणि मग पुण्यात वाढलेला. मी बाबांना फोन लावला, स्पीकरवर.

‘बंद काहून करू बाई?’ बाबा म्हणाले. ‘रातभर डुकरं, अन् दिवसभर वांदरं. ते मशीन तं लावलं तवापासून चालूच हाय.’

दादाच्या हातातला वडापाव तिथेच थांबला.

त्याचं काय आहे, ही चिप मिलिसेकंद मोजते, आणि मोजायला तिच्याकडे ३२ बिटांची पाटी असते. ४९ दिवस आणि १७ तासांनी पाटी भरते आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो. हा फार जुना आजार आहे. विंडोज ९५ आणि ९८ याच कारणाने ४९.७ दिवसांनी गोठायचं. ते उघडकीला आलं १९९९ मध्ये, कारण तितके दिवस ते सलग चालवतं कोण! २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ बद्दल बजावलं की २४८ दिवस सलग चालू ठेवलं तर वीज पुरवठा बंद पडू शकतो. तिथे पाटी थोडी वेगळी, दुखणं तेच.

आता बाबांचा हिशेब करा. १ सप्टेंबरला मशीन लावलं तर ४९ दिवस भरतात २० ऑक्टोबरला. लोंबी भरून वाकलेल्या असतात तेव्हा.

४९ दिवस थांबून टेस्ट कोण करणार? दादाने घड्याळ शून्याऐवजी, पाटी भरायला एक मिनिट राहिलेलं असताना सुरू केलं. मग एकेक मिलिसेकंद पुढे सरकवत तेच बाराशे वेळा, कारण मशीन दर १२०० मिलिसेकंदांनी झटका देतं. स्क्रीन लाल झाली. जवळपास दर वेळी, पाटी भरायच्या आधीच्या शेवटच्या सेकंदात चिप अंतर न ठेवता झटक्यामागे झटके सोडत होती. आतला कपॅसिटर इतक्यात भरत नाही, त्यामुळे ते झटके दुबळे निघाले असते, असं दादा म्हणाला. पण हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि बाराशेपैकी सात वेळा उलटंच झालं: ऐन त्या क्षणी चिप बॅटरी मोजण्यात गुंतली, वेळ हुकली आणि मशीन गप्प. वॉचडॉगही काही करत नाही, कारण चिप अडकलेली नसते, ती शांतपणे पुढच्या झटक्याची वाट बघत असते. आणखी ४९ दिवस. हिरवा दिवा चालू, बाबा घरी निर्धास्त झोपलेले, आणि तारेत काही नाही.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. ‘पुढच्या झटक्याची वेळ उलटली का?’ असं विचारायचं नाही; ‘मागच्या झटक्याला किती वेळ झाला?’ असं विचारायचं. वजाबाकी पाटी भरली तरी बरोबर येते. बाराशे हिरव्या ओळी.

गेलेल्या मशीनचं काय? शेतात वायफाय नाही, ‘अपडेट नाऊ’ नाही. वर्कशॉपने त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले: आमचा माणूस येईपर्यंत रोज एकदा मशीन बंद करून चालू करा. बहुतेकांनी बरं म्हटलं. बाबा म्हणाले, ‘वांदरांले बी सांगून ठेव.’

सप्टेंबरच्या शेवटी दादा स्वतः सावलीला आला, लॅपटॉप आणि केबल घेऊन. पडवीत बसून त्याने डब्याचे स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि आत लाल मुंग्यांनी व्यवस्थित घर केलेलं होतं. अंडी वगैरे सगळं. चिपपर्यंत पोचायला त्याला अर्धा तास लागला. आईने हळद आणून दिली. बाबा शेजारी बसून बघत होते, आणि दादा वहीत पुढच्या टेस्टची यादी लिहीत होता.